अडतिसावे पाकीट

प्रति,
मा. सदस्य-सचिव,
संशोधन नैतिकता समिती,
मुख्य रुग्णालय, दुसरा मजला
('ढकला' अशी पाटी असलेले, पण ओढल्याशिवाय न उघडणारे दार)

विषय : प्रसूती विभागातील 'वजन तासाभराने' हा अभ्यास सिस्टरांच्या हातून काढून न घेण्याबाबत, तसेच सिस्टर व मिडवाइफ यांच्या संशोधन-प्रशिक्षणाची पुढील तुकडी बंद न करण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, दि. ४ (प्रसूती विभागात पोहोचले दि. ११).

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही इयत्ता दहावीत शिकणारी विद्यार्थिनी असून सदर अभ्यासाच्या प्रमुख सिस्टरांची धाकटी मुलगी आहे. हा अर्ज आईने लिहायला सांगितलेला नाही. तिला कळले असते तर तिने तो लिहूही दिला नसता. "आपण काम करायचं, अर्ज-बिर्ज नाही" हे तिचे कायमचे धोरण आहे. गेल्या वर्षापर्यंत अर्जदाराचेही तेच धोरण होते आणि वर्गात तिला 'म्यूट' असे नाव होते. परंतु मागील सत्रात वक्तृत्व स्पर्धेत अर्जदाराचा पहिला क्रमांक आल्यापासून परिस्थिती पालटली आहे. आता तिला गप्प बसवणे घरात किंवा शाळेत कोणालाच जमत नाही. आपणही तसा प्रयत्न करू नये, ही नम्र विनंती.

२. सिस्टर आणि मिडवाइफ यांनी स्वतः अभ्यास चालवावेत म्हणून आपल्याच रुग्णालयाने वर्षभरापूर्वी हे प्रशिक्षण सुरू केले. मंजुरीच्या कागदावर आपलीच सही आहे, त्यामुळे ते काय आहे हे आपणास सांगायला नको. पण कागदावर न दिसणाऱ्या काही गोष्टी सांगणे भाग आहे. दर शनिवारी दुपारी, ड्युटी संपवून, अकरा जणी जुन्या लेक्चर हॉलमध्ये जमत. पाय सुजलेले, चपला बाकाखाली काढून ठेवलेल्या. आजवर या इमारतीत अभ्यास डॉक्टरांचा आणि पळापळ सिस्टरांची, अशी वाटणी होती. फॉर्म भरणार सिस्टर, रक्त काढणार सिस्टर, घाबरलेल्या बाईला दहादा समजावणार सिस्टर. आणि लेख छापून आला की त्याच्या शेवटी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, 'कर्मचाऱ्यांचे आभार'. पहिल्या शनिवारी शिकवणाऱ्या बाईंनी विचारले, उत्तर पुस्तकात सापडत नाही असा काही प्रश्न तुमच्यापैकी कोणाला पडला आहे का? मग अर्जदाराची आई म्हणाली, "प्रश्न बावीस वर्षं पडतायत, बाई. विचारलं कुणी नाही." यावर हॉलमध्ये जो हशा पिकला तो जिन्यापर्यंत ऐकू गेला, असे कळते.

३. आईचा प्रश्न साधा आहे. बाळ जन्मले की ते आईच्या छातीवर टेकवतात न टेकवतात तोच उचलून वजनाला नेतात. काटा शेजारच्या खोलीत. रजिस्टरमध्ये जन्मवेळेच्या रकान्याला लागून वजनाचा रकाना, आणि रिकामा रकाना दिसला की सगळ्यांचे हात शिवशिवतात. वजन, पुसणे, पायाला पट्टी, कागदावर ठसा असे करत बाळ परत येईपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो आणि तोवर ते रडून रडून झोपलेले असते. आईचे म्हणणे, "वजन काय पळून जातंय का? तासाभराने केलं तर काट्याचं काही बिघडत नाही. बाळ पहिल्या तासात दूध ओढायला लागलं, तर आख्खा आठवडा सुधारतो." आपल्याला वाटते म्हणून ते खरे असतेच असे नाही, हेही तिला याच प्रशिक्षणात शिकवले. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर तिच्या हातचे एक वाक्य आहे : 'सर्वात आधी स्वतःच्या मतावर संशय घ्यावा.' अर्जदाराने हे वाक्य फारच मनावर घेतले, फक्त 'स्वतःच्या' हा शब्द तेवढा वगळला. त्याचा परिणाम पुढील परिच्छेदांत दिसेल.

४. अभ्यास असा. एकशेवीस बाळंतिणी. साठ जणींच्या बाळाचे वजन 'लगेच', साठ जणींच्या बाळाचे 'तासाने'. ज्यांचे बाळंतपण अडचणीचे, त्या अभ्यासाबाहेर. कोणाच्या वाट्याला काय, हे आईने ठरवायचे नाही, डॉक्टरांनी नाही आणि बाळंतिणीनेही नाही. ते चिठ्ठीने ठरायचे. त्यासाठी १ ते १२० क्रमांकाची बंद पाकिटे पत्र्याच्या डब्यात ठेवलेली. बाईने समजून-उमजून संमतीची सही केली की पाच मिनिटांत डब्यातले पुढचे पाकीट उघडायचे आणि निघेल ते पाळायचे. निवड माणसाच्या हातात राहिली की माणूस मनाला येईल तसे वाटप करतो आणि मग उत्तर खोटे येते, एवढेच त्यामागचे शास्त्र. चिठ्ठ्या भरून पाकिटे चिकटवण्याचे काम शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः, यादी कोणालाही न दाखवता, त्यांच्या घरी केले. पाकिटे आणण्याचे आणि चिठ्ठ्या लिहिण्याचे काम मात्र अर्जदाराकडे होते, कारण घरात तिचे अक्षर चांगले. या वाक्याकडे परत यावे लागेल.

५. चौसष्ट पाकिटे उघडल्यावर आपल्या समितीने नियमाप्रमाणे मधली तपासणी केली आणि आपले पत्र आले. पत्रातील आकडे असे : चौसष्ट जणींपैकी तीस पहिलटकरणी. चिठ्ठीने वाटप झाले असते तर साधारण पंधरा जणी इकडे, पंधरा तिकडे. प्रत्यक्षात तेवीस जणींना 'तासाने' आणि फक्त सात जणींना 'लगेच'. म्हणजे कोणीतरी पाकिटांशी खेळले आहे. अभ्यास स्थगित. पंधरा दिवसांत लेखी खुलासा न आल्यास अथवा तो असमाधानकारक वाटल्यास अभ्यासाचे नेतृत्व विभागप्रमुखांकडे सोपवले जाईल, आणि 'परिचारिका वर्गाकडे स्वतंत्र अभ्यास देणे कितपत योग्य' याचा फेरविचार होऊन पुढील तुकडी थांबवली जाईल. येथे नमूद करण्यात येते की, आपले कार्यालय ते प्रसूती विभाग हे अंतर दोन जिने व एक व्हरांडा इतके आहे. ते पार करण्यास पत्राला सात दिवस लागले. पंधरातले सात दिवस जिन्यातच संपले. अर्जदारास याचा तेव्हाही संशय आला व अजूनही आहे.

६. पत्र आले त्या दिवशी आई घरी आली, हातपाय धुतले आणि जेवायला न बसता भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती. बाबा मला खुणेने म्हणाले, बोलू नकोस. अर्जदार बोलली नाही. तिने नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिले : 'कोण?' त्याखाली पहिले नाव विभागप्रमुखांचे, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणतात. कारणे तीन. एक, पाकिटांचा डबा ज्या कपाटात असतो त्याच्या किल्ल्या दोनच. एक आईकडे, दुसरी त्यांच्याकडे. दोन, अभ्यास सुरू होताना ते आईला म्हणाले होते, "सिस्टर, माझं नाव पहिलं टाका, लेख पटकन छापून येईल. तुमचं आहेच की खाली." आई त्यावर फक्त "बघते सर" म्हणाली, आमच्या घरात 'बघते' याचा अर्थ 'नाही' असा आहे. तीन, महिनाभरापूर्वी आईचा चष्मा द्यायला अर्जदार वॉर्डात गेली असता तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की मोठे डॉक्टर पत्र्याचा डबा हातात धरून तो इकडून-तिकडून न्याहाळत होते. हेतू आहे, किल्ली आहे, डबा हातात आहे. आणखी काय हवे? अर्जदाराने नावाखाली दोन रेघा ओढल्या.

७. तरीही पुरावा पाहिजे म्हणून अर्जदाराने आपल्या पत्रासोबतचा तक्ता हाती घेतला. त्यात कोणाचेही नाव नव्हते आणि ते नसावेच; फक्त पाकीट क्रमांक, तारीख, संमतीची वेळ, पाकीट उघडल्याची वेळ, पहिलटकरीण आहे की नाही आणि कोणती चिठ्ठी निघाली एवढेच. अर्जदार दोन दुपारी त्यावर बसली. भूमितीचा गृहपाठ राहिला, त्याचा खुलासा शाळेत स्वतंत्रपणे दिला आहे. छप्पन्न ठिकाणी संमती आणि पाकीट यांच्यात दोन, तीन, फार तर पाच मिनिटे. आठ ठिकाणी मात्र पाकीट थांबलेले. उदाहरणार्थ, एका पहिलटकरणीची संमती ३.१०, पाकीट ४.२५. सव्वा तास हे पाकीट कोणाची वाट बघत होते? मधल्या वेळात आलेल्या, तिसऱ्या खेपेच्या बाईला आधीचे पाकीट देऊन टाकले होते. त्यात निघाले 'लगेच'. थांबलेल्या पहिलटकरणीला निघाले 'तासाने'. आठही ठिकाणी हेच. म्हणजे उघडण्याआधीच कोणाला तरी आत काय आहे ते कळत होते. आणि आठही वेळा दुपारी तीन ते पाचमधल्या. सकाळी एकही नाही. अर्जदाराने लगेच मोठ्या डॉक्टरांची वेळ विचारून घेतली. ते रोज दुपारी अडीचला घरी जातात. वहीतल्या दोन रेघा तिथेच डळमळल्या.

८. अर्जदाराचे बाबा पुस्तकबांधणीचे काम करतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा दाब-यंत्राचा लाकडी घोडा, खळीचे भांडे आणि पुठ्ठ्यांची चळत असते. अर्जदार वहीत डोके घालून बसलेली पाहून ते म्हणाले, "एवढा काय शोध चाललाय? बघू ते पाकीट." उरलेल्या रिकाम्या पाकिटांतले एक आणि एक चिठ्ठी घरात होती. बाबांनी चिठ्ठी आत सरकवली, पाकीट दोन बोटांत धरले, चोळले आणि उठून खिडकीपाशी गेले. दुपारचे ऊन आत येत होते. त्यांनी पाकीट काचेला लावले आणि तिथूनच वाचले, "तासाने." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, हा कागद आहे की कांद्याची साल? कुणी आणली ही?"

९. येथे परिच्छेद ४ मधील शेवटच्या वाक्यांकडे परत यावे. आईने दुकानात दाखवायला कागदावर लिहून दिले होते : जाड, खाकी, आतून काळी. दुकानात खाकी पाकिटे संपली होती. दुकानदार म्हणाला, दोन दिवसांनी ये. अर्जदाराची त्या दिवशी वक्तृत्वाची तालीम होती आणि दोन दिवसांनी स्पर्धा. दुकानात निळ्या काठाची पांढरी पाकिटे होती, ती दिसायलाही सुरेख होती. पाकीट ते पाकीट, असे म्हणून अर्जदाराने ती घेतली. वर, अक्षर चांगले दिसावे म्हणून चिठ्ठ्या पेनने न लिहिता जाड काळ्या मार्करने लिहिल्या. आईने घाईत पाहिले आणि म्हणाली, "छान दिसतायत." शिकवणाऱ्या बाईंनी ती ट्यूबलाइटखाली चिकटवली, तेव्हा त्यांनाही काही दिसले नाही. ट्यूबलाइटमध्ये दिसतच नाही. पश्चिमेच्या उन्हात दिसते. म्हणजे ज्या स्पर्धेने अर्जदाराचा आवाज फुटला, त्याच स्पर्धेच्या घाईने पाकिटांनाही तोंड फुटले. हे लिहिताना अर्जदाराचे कान तापले आहेत, परंतु ते अर्जात दाखवता येत नाही.

१०. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अर्जदार तडक प्रसूती विभागाच्या ड्युटी रूममध्ये गेली. ती खोली पश्चिमेला आहे. आई, माई आणि आणखी दोघी सिस्टर चहा पीत होत्या. माई म्हणजे विभागातील सर्वात जुन्या मिडवाइफ, येत्या वर्षी निवृत्त होणार. त्यांच्या हातून या गावातील अर्धी शाळा जन्मली, त्यात अर्जदारही आहे. अर्जदार खिडकीशी गेली आणि पाकीट काचेला लावले. आईला आधी कळलेच नाही. पण माईंची बशी वाजली. बाकी दोघी एकमेकींकडे न बघता आपापल्या कपात बघू लागल्या. मग माई म्हणाल्या, "माझ्याकडे बघ गं, पोरी. मीच केलंय. पाचदा." लगेच दुसरी म्हणाली, "मी पण. दोनदा." तिसरी अगदी हळू, "एकदा." पाच, दोन आणि एक. आठ. तिघींपैकी एकीलाही दुसरीचे माहीत नव्हते. प्रत्येकीला वाटत होते, हे पाप आपल्या एकटीचे.

माई पुढे जे म्हणाल्या ते शब्दशः नमूद करणे अर्जदारास आवश्यक वाटते : "ती पहिलटकरीण कशी असते माहितेय? माझं मनगट धरून ठेवते. सोडतच नाही. 'बाळाला नेणार नाही ना, नेणार नाही ना', एकच घोकत असते. तिसऱ्या खेपेची बाई उलट मलाच सांगते, माई तुम्ही दमलात, बसा. अशात समोर पाकीट, उन्हात स्पष्ट दिसतंय 'लगेच'. मी काय चिठ्ठीला विचारून माया करू? चाळीस वर्षं जिला भीती जास्त तिच्याकडे हात आधी, असंच शिकलेय मी." महोदय, या वाक्याचा राग कोणाला येणार? अर्जदाराला आला नाही. आई मात्र उठली, माईंच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "माई, त्या आठ जणींना तुम्ही एकेक तास दिलात. पण पुढच्या सगळ्या पहिलटकरणींना कायमचा तास मिळाला असता, तो गेला. आता कुणीही म्हणेल, सिस्टरांनी आपल्याला हवं ते उत्तर काढलं." माई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मग आता?" आई म्हणाली, "आता खरं सांगायचं. आणि पहिल्यापासून." चौसष्ट पाकिटांवर तिने त्याच क्षणी पाणी सोडले. तिचा चेहरा काही हलला नाही. चहा मात्र तिने तसाच ठेवला.

११. येथे अर्ज संपायला हवा होता. परंतु अर्जदाराच्या वहीत 'कोण?' खाली अजून एक नाव लिहायचे राहिले होते आणि ते लिहायला तिचा हात धजत नव्हता. संशय एकदा अंगात शिरला की तो घराचा उंबरठाही पाहत नाही. कपाटाची किल्ली आईकडे. दुपारच्या पाळ्या आईच्याही असतात. 'तासाने' चांगले, असे बावीस वर्षे वाटणारीही आईच. मग तिनेही एखाद वेळी पाकीट उन्हात धरले नसेल कशावरून? अर्जदाराने ड्युटीचा तक्ता आणि आपला तक्ता शेजारी-शेजारी ठेवले. आईच्या दुपारच्या पाळीतली पाकिटे नऊ. नऊच्या नऊ पाच मिनिटांच्या आत उघडलेली. एकही थांबलेले नाही.

त्या नवांमधले एक पाकीट क्रमांक ३८. संमती ४.०२, पाकीट ४.०५, पहिलटकरीण, 'लगेच'. नाव तक्त्यात नव्हते, पण दिवस आणि वेळ अर्जदारास पाठ आहे. ती बाई म्हणजे अर्जदाराची ताई, आईची थोरली मुलगी. संमती दुसऱ्या सिस्टरने घेतली होती, कारण आईने मुलीची संमती घ्यायची नसते. पण त्या पाळीत पाकीट उघडण्याची ड्युटी आईचीच होती. बाळ झाले, छातीला लागले न लागले तोच वजनाला गेले. दोन किलो सातशे. अर्जदार व्हरांड्यात उभी होती आणि शेजारच्या खोलीतून भाचीचे रडणे तिला ऐकू येत होते. पाऊण तासाने भाची परत आली ती गाढ झोपूनच. ताई आईशी चार दिवस बोलली नाही. "स्वतःच्या नातीला तरी..." एवढेच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केले. आईने तिचे अंथरूण सारखे केले, गरम पाणी आणून दिले. खुलासा दिला नाही.

परवा भाजी निवडताना अर्जदाराने आईला सरळ विचारले, "आई, ताईच्या वेळी पाकीट उन्हात होतं. तू बघितलं होतंस का?" आईने मान वरही केली नाही. म्हणाली, "बघायचंच असतं तर पाकीट कशाला केलं असतं?" मग जुडी बाजूला ठेवून इतकेच म्हणाली, "हात शिवशिवले होते गं. खूप." अर्जदाराने वहीचे ते पान बंद केले.

१२. काल टेबलावर आईने आपणास द्यावयाचा लेखी खुलासा दिसला. तो एका ओळीचा आहे : 'अभ्यासाची प्रमुख या नात्याने झालेली चूक सर्वस्वी माझी आहे.' खाली सही. त्यात माई नाहीत, दोघी सिस्टर नाहीत, निळ्या काठाची पाकिटेही नाहीत. हा खुलासा खरा आहे पण पुरा नाही, आणि एवढ्यावरून आपण तिच्या हातून अभ्यास काढून घ्याल, असा अर्जदारास दाट संशय आहे. म्हणून हा अर्ज. दोघी सिस्टरांना विचारले असता त्यांनी आपापले निवेदन सही करून दिले आहे. माईंनी स्वतःहून, चष्मा नसताना, त्यामुळे ओळी थोड्या वर गेल्या आहेत.

१३. प्रशिक्षणात असेही शिकवतात की, चुकलेली नोंद रबराने पुसायची नाही, तिच्यावर पांढरी शाई फासायची नाही. खालचे वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, शेजारी सही, तारीख आणि कारण. सबब परिच्छेद ६ मधील मोठ्या डॉक्टरांवरील संशय या अर्जातून काढून टाकलेला नाही. त्यावर रेघ मारली आहे असे समजावे. कारण : चौकशीअंती कळले की उन्हाने पाकिटांचा डिंक सुटेल म्हणून त्यांनी डबा खिडकीतून उचलून कपाटात ठेवला होता, आणि माई पाळीपुरती आईकडची किल्ली घेऊन, तो हाताशी असावा म्हणून, परत खिडकीत आणत होत्या. याबद्दल अर्जदार त्यांची क्षमा मागते. मात्र 'माझे नाव पहिले टाका' हे ते म्हणाले होते. तो संशय नसून घडलेली गोष्ट आहे, त्यावर रेघ मारता येत नाही.

१४. आता एक शंका, आदरपूर्वक. गेल्या वर्षी मोठ्या डॉक्टरांच्या अभ्यासाचे रक्ताचे नमुने खराब झाले, कारण कोणीतरी पंखा लावण्यासाठी फ्रिजचा प्लग काढला. चार महिन्यांचे काम वाया गेले. त्या वेळी तो अभ्यास सिस्टरांकडे सोपवल्याचे, अथवा 'डॉक्टर वर्गाकडे स्वतंत्र अभ्यास देणे कितपत योग्य' असा फेरविचार झाल्याचे ऐकिवात नाही. नवा फ्रिज आला आणि अभ्यास पुन्हा सुरू झाला. तेच योग्य होते. आमचे म्हणणे एवढेच की, आम्हाला तर नवी पाकिटेच हवी आहेत. डॉक्टरांची चूक झाली की यंत्र बदलायचे आणि सिस्टरांची झाली की सिस्टरच बदलायच्या, असा नियम असल्यास तो लेखी कळवावा. अर्जदार तो पुढच्या वक्तृत्व स्पर्धेत विषय म्हणून घेईल.

१५. तरी विनंती की : चौसष्ट पाकिटांची मोजणी रद्द करून अभ्यास पहिल्या क्रमांकापासून सुरू करण्यास परवानगी मिळावी. डबा कपाटातच राहावा आणि पाकीट उघडताना दोघींच्या सह्या असाव्यात. तशी सुधारणा आईने प्रशिक्षणाच्या वहीत आधीच लिहून ठेवली आहे. पुढील तुकडी सुरू व्हावी, आणि पहिल्याच शनिवारी हा सगळा प्रकार त्यांना आमची नावे न लपवता शिकवावा. माया कुठे करावी आणि कुठे हात मागे घ्यावा, हे सिस्टरांइतके कोणाला कळणार? ते पुस्तकातून येत नाही. आठ जणींकडे हात पुढे करून आणि एकीपाशी मागे घेऊन कळते. अभ्यासप्रमुखाच्या ओळीत आईचे नाव जसे होते तसे, पहिले, राहावे. ज्या बाईने स्वतःच्या मुलीपाशी चिठ्ठी पाळली, तिच्या हातून ती काढून घेऊन आपण कोणाच्या हातात देणार, हा अर्जदाराचा शेवटचा संशय आहे आणि तो दूर करणे केवळ आपल्या हाती आहे.

उद्या मुदत संपते. हा अर्ज पत्रपेटीत न टाकता अर्जदार स्वतः आणून देत आहे. दोन जिने आणि एक व्हरांडा तिला साडेतीन मिनिटे लागतात.

आपली नम्र व तूर्त संशयी,

(सही)
अर्जदार, इयत्ता दहावी,
अभ्यासप्रमुख सिस्टरांची धाकटी मुलगी
दि. १८, शुक्रवार

सोबत :
(अ) तीन सिस्टरांची निवेदने, सह्यांसह.
(आ) थांबलेल्या आठ पाकिटांच्या वेळांचा तक्ता, अर्जदाराच्या अक्षरात (पेनने).
(इ) जुने पाकीट, निळ्या काठाचे, आत चिठ्ठी. आपल्या खिडकीत दुपारी चारनंतर धरून पाहावे.
(ई) नवे पाकीट, बाबांनी बांधणीच्या जाड कागदाचे, आतून काळे अस्तर लावून तयार केलेले, आत चिठ्ठी. 'लगेच' आहे की 'तासाने', हे अर्जदारालाही माहीत नाही. बाबांनी डोळे मिटून घातली. हे पाकीट हव्या त्या उन्हात धरावे. न उघडता वाचता आल्यास अर्ज फेटाळावा. वाचता न आल्यास ते तसेच आईकडे परत पाठवावे. त्यावर क्रमांक १ घालायचा आहे.